बोक्याची लघवी तुंबली तर: मुतखडा, पाणी आणि मापाची वही

तुमचा बोका ट्रेमध्ये जाऊन बसतोय, जोर करतोय आणि बाहेर काहीच पडत नाहीये, म्हणून तुम्ही हे वाचत असाल, तर बाकीचं नंतर वाचा. आधी डॉक्टरांना फोन करा, बोक्याला पिंजऱ्यात घाला आणि निघा. रात्र असली तरी निघा, रविवार असला तरी निघा. लघवी पूर्ण तुंबलेला बोका दोन-तीन दिवसांत दगावतो, आणि आपल्या लक्षात येतं तेव्हा त्यातला एखादा दिवस बहुतेक वेळा आधीच गेलेला असतो.

माझाही गेला होता. मी डोंबिवलीत घरी ब्लाउज शिवते. आमचा बंड्या मशीनखाली चिंध्यांच्या टोपलीत झोपतो. तेव्हा तो चार वर्षांचा होता, नसबंदी झालेला, साडेपाच किलोचा, पिवळा-पांढरा. त्या शनिवारी दुपारपासून तो सारखा ट्रेमध्ये जायचा, बसायचा, उठायचा, माती उकरायचा आणि परत बसायचा. मला वाटलं, शी होत नाहीये. मांजराची जोर करायची बसण दोन्ही वेळेला जवळपास सारखीच दिसते, म्हणून हा घोटाळा पुष्कळ जणांचा होतो. मी त्याला बोटावर तूप चाटवलं आणि दोन ब्लाउज द्यायचे होते म्हणून परत मशीनवर बसले. संध्याकाळी तो मोरीत गेला आणि थंड फरशीवर दबकून बसला. उठला तेव्हा फरशीवर दोन थेंब होते, पातळ गुलाबी. फरशी पांढरी म्हणून दिसले, ट्रेच्या मातीत मला कधीच दिसले नसते.

जवळच्या दवाखान्यात पोट साफ व्हायचं औषध दिलं गेलं. पोटाला हात लावून कोणी पाहिलं नाही, आणि मीही म्हटलं नाही की जरा पाहा. रात्री तो दोनदा ओकला. पहाटे टोपलीतून उठेना, हाक मारली तर फक्त कान हलवला. मग दुसऱ्या डॉक्टरांकडे नेला. त्यांनी मागच्या पायांच्या पुढे पोटाला अलगद हात लावला आणि लगेच म्हणाल्या, ‘‘मूत्राशय टणक लागतंय. आत्ताच्या आत्ता कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालावा लागेल.’’ बंड्या वाचला. पण शनिवारची ती दुपार मी विसरलेले नाही, आणि म्हणूनच हे सगळं लिहून ठेवतेय.

आत नेमकं काय होतं ते आधी समजून घ्या, म्हणजे घाई कशासाठी ते कळेल. मांजर मूळचं वाळवंटी प्रदेशातल्या रानमांजराच्या वंशातलं. पाणी थोडं प्यायचं आणि लघवी घट्ट करायची, ही त्याच्या मूत्रपिंडांची सवय. घट्ट लघवीत क्षार सुटे राहत नाहीत, त्यांचे बारीक स्फटिक होतात, म्हणजे हाताला लागेल अशी कचकच. त्यांचेच पुढे खडे होतात, किंवा मूत्राशयातून सुटणाऱ्या चिकट स्रावात मिसळून त्यांचं बूच तयार होतं. मांजरीची मूत्रनलिका आखूड आणि रुंद असते, तिच्यातून बारीक खडा निघूनही जातो. बोक्याची नलिका लांब असते आणि टोकाकडे जेमतेम मिलिमीटरभर. तिथे वाळूचा कण अडकला तरी बस. मागे लघवी साठत जाते, मूत्रपिंडांवर दाब येतो, जे विष बाहेर जायचं ते रक्तात राहतं. रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदयाचे ठोके मंदावतात. बंड्या पहाटे निपचित पडला होता तो थकून नव्हे, या पोटॅशियमने.

हे कसं ओळखायचं? धडधाकट मांजर दिवसाला साधारण दोन ते चार वेळा लघवी करतं, आणि तेही गुपचूप. याहून जास्त फेऱ्या सुरू झाल्या, प्रत्येक वेळी थेंबभरच पडत असेल, बसल्या जागी ओरडत असेल, लघवीची जागा सारखी चाटत असेल, ट्रे सोडून मोरीत, बेसिनमध्ये, गादीवर करत असेल, लघवीत लाल झाक असेल, तर त्याच दिवशी दवाखाना. थेंब पडतायत तोवर नलिका थोडी तरी उघडी आहे असं समजा, पण ‘पडतायत ना थेंब’ म्हणून उद्यावर ढकलू नका. काहीच पडत नसेल, जेवण सोडलं असेल, ओकत असेल, कोपऱ्यात जाऊन लपला असेल, तर त्याच क्षणी निघा. पोटाखाली लिंबासारखा किंवा त्याहून मोठा टणक गोळा हाताला लागला तर दाबून लघवी काढायचा प्रयत्न मुळीच करू नका. तट्ट भरलेलं मूत्राशय फुटू शकतं.

एक गोष्ट आजच करून ठेवा. तुमच्या भागात रात्री आणि सुट्टीला मांजर बघणारा दवाखाना कोणता, ते फोन करून विचारा. ‘‘प्राणी बघता का?’’ एवढंच विचारू नका. ‘‘लघवी तुंबलेल्या बोक्याला कॅथेटर घालता का, भूल द्यायची सोय आहे का, रात्री ठेवून घेता का?’’ असं विचारा. खर्चाचा अंदाजही तेव्हाच विचारून ठेवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, म्हणजे आपण ज्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतो ते, आणि १८८६ साली सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयही तिथेच आहे. पण डोंबिवली, बदलापूर, पालघर इथून मध्यरात्री परळ गाठणं सोपं नसतं. जवळचा नंबर हवाच.

दवाखान्यात साधारण असं होतं. सलाइन लावतात, रक्त तपासतात, पोटॅशियम फार वाढलं असेल तर हृदय सांभाळायला कॅल्शियमचं इंजेक्शन देतात. मग भूल देऊन बारीक कॅथेटर घालून अडथळा मागे मूत्राशयात ढकलतात आणि मूत्राशय धुऊन काढतात. कॅथेटर बहुतेक वेळा एक ते तीन दिवस ठेवतात. अडथळा सुटल्यावर लघवीचा लोंढा येतो आणि शरीरातलं पाणी भराभर जातं, म्हणून त्या दिवसांत सलाइन लागतंच. ‘‘निघाली ना लघवी, आता घरी नेतो’’ असा हट्ट धरू नका. मी धरला होता, डॉक्टरांनी ऐकलं नाही, आणि त्यांचंच बरोबर होतं. घरी आणल्यावर पहिला आठवडा डोळ्यात तेल घालून बघायचं, कारण परत तुंबण्याचा धोका तेव्हाच जास्त असतो. चाटू नये म्हणून गळ्यात घातलेली कॉलर तो कितीही केविलवाणा दिसला तरी काढू नका. दुखण्याचं औषध सांगितलंय तितके दिवस द्या.

आणि माणसाच्या गोळ्या देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते. आपल्या घरात ती गोळी सगळ्यात हाताशी असते, म्हणून हे वेगळं लिहिलं.

खडा कोणता, हे कळल्याशिवाय काही करू नका

मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. मांजरांत मुख्यतः दोन जातींचे खडे सापडतात आणि दोघांचे उपाय उलट दिशेने जातात. पहिला स्ट्रुव्हाइट, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेटचा. तो अल्कधर्मी लघवीत होतो आणि योग्य आहाराने विरघळतो. दुसरा कॅल्शियम ऑक्झलेट. तो कशानेही विरघळत नाही, काढावाच लागतो. पहिला तरुण मांजरांत जास्त, दुसरा वय झालेल्यांत, आणि पर्शियनसारख्या जातींत त्याचं प्रमाण अधिक. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात प्राण्यांचे खडे तपासणारं केंद्र आहे. १९८१ साली तिथे आलेल्या मांजरांच्या खड्यांपैकी ७८ टक्के स्ट्रुव्हाइट होते आणि ऑक्झलेट जेमतेम २ टक्के. पुढे वीस वर्षांच्या आत ऑक्झलेटने स्ट्रुव्हाइटला मागे टाकलं. मधल्या काळात मांजरांचं तयार खाणं बदललं, त्यात मॅग्नेशियम कमी झालं, लघवी आम्लधर्मी होईल अशी रचना झाली. एक खडा टाळताना दुसऱ्याला वाट मिळाली, असं त्याचं एक कारण सांगतात. म्हणूनच कोणाच्या तरी मांजराला जे खाणं लागू पडलं ते आपल्याकडे डोळे मिटून आणायचं नाही.

डॉक्टरांकडे या तपासण्यांबद्दल विचारा: एक्स-रे किंवा सोनोग्राफी, लघवीची घनता, तिचा पीएच (ती आम्लधर्मी की अल्कधर्मी) आणि सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक. हे दोन्ही खडे एक्स-रेमध्ये दिसतात, काही दुर्मिळ जातींचे दिसत नाहीत, त्यांना सोनोग्राफी लागते. लघवी घरून नेणार असाल तर ताजी, तासाभराच्या आत पोहोचेल अशी न्या. फ्रिजमध्ये ठेवलेल्या लघवीत नसलेले स्फटिक तयार होतात आणि तपासणी फसते. डॉक्टर सुईने थेट मूत्राशयातून घेतात ती सगळ्यात स्वच्छ. खडा काढला किंवा आपसूक पडला तर फेकू नका, स्वच्छ डबीत घालून द्या.

दरवेळी खडाच असतो असंही नाही. तरुण मांजरांत लघवीचा त्रास बऱ्याचदा मूत्राशयाच्या सुजेने होतो आणि तपासणीत खडाही सापडत नाही, जंतूही नाही. लहान वयात जंतुसंसर्ग तर कमीच. त्यामुळे दरवेळी अँटिबायोटिकचा कोर्स मागून घेण्यात अर्थ नाही.

बंड्याच्या मूत्राशयात दोन खडे निघाले, ज्वारीच्या दाण्याएवढे. वय, पीएच, स्फटिक, एक्स-रे हे सगळं जुळवून डॉक्टरांनी ते स्ट्रुव्हाइट असावेत असं ठरवलं आणि विरघळवणारा आहार लिहून दिला. तीन आठवड्यांनी एक्स-रे काढला तेव्हा एकच उरला होता, मोहरीएवढा. सहाव्या आठवड्यात तोही गेला, आणि त्यानंतर आणखी महिनाभर तेच खाणं चालू ठेवलं. या काळात एकच नियम: त्या खाण्याशिवाय तोंडात दुसरं काही जाता कामा नये. बोंबील नाही, दूध नाही, शेजारच्यांनी प्रेमाने दिलेली चिमूटभर सुकट नाही. आमच्याकडे ठमी नावाची मांजरीही आहे. दोघांना दोन खोल्यांत वीस मिनिटं ताटल्या, वेळ झाली की उचलायच्या, असं करत ते सगळे आठवडे काढले. मुलगी कॉलेजला जायच्या आधी दाराला पाठ लावून उभी राहायची. खडा लहान होत असताना नलिकेत अडकू शकतो, म्हणून बोक्याच्या बाबतीत हे दिवस आणखी जपायचे. हा आहार पिल्लांना, गाभण मांजरीला, मूत्रपिंड किंवा हृदय कमकुवत असलेल्याला स्वतःच्या मनाने देऊ नका.

ऑक्झलेट निघाला तर शस्त्रक्रियेला घाबरून महिने घालवू नका. सोबत रक्तातलं कॅल्शियम तपासून घ्या, काही मांजरांत ते वाढलेलं असतं. पुन्हा पुन्हा तुंबणाऱ्या बोक्यांचा नलिकेचा अरुंद भाग काढून वाट रुंद करायची शस्त्रक्रियाही असते. तिने तुंबणं टळतं, खडे होणं थांबत नाही, आणि पुढे जंतुसंसर्गाकडे लक्ष ठेवावं लागतं.

पानफुटी आणि बाकीचे सल्ले

बंड्या आजारी पडल्याचं कळल्यावर चाळीतून सल्ले यायला लागले, सगळे मायेने दिलेले. आपल्याकडे मुतखडा म्हटलं की कुळथाचं कढण, बार्लीचं पाणी, पानफुटी हे ओघाने येतंच. समोरच्या काकूंनी कुंडीतली पानफुटीची चार पानं धुऊन, वाटून आणली. मी डॉक्टरांना विचारलं म्हणून वाचलो. पानफुटी ही कलांचो या शोभेच्या झाडांच्या गटातली. तिच्यात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात आणि ती मांजराला विषारी आहे. खायला देऊ नकाच, पण खिडकीतल्या कुंडीत असेल तर मांजर चघळणार नाही अशा जागी हलवा. काकूंना मी हे सांगितलं. त्यांनी वाटी मोरीत ओतली आणि कुंडी गच्चीवर नेली.

लघवीची जळजळ थांबवायला आपण जे गोड सायट्रेटचं सिरप पितो, ते लघवी अल्कधर्मी करतं, म्हणजे स्ट्रुव्हाइटच्या बोक्याला उलटंच. उलट लघवी आम्लधर्मी करायची म्हणून कोणी व्हिटॅमिन सी सुचवतं. त्याचं शरीरात ऑक्झलेट होतं. मुतखड्याच्या आयुर्वेदिक गोळ्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीत.

‘नसबंदी केली म्हणून नलिका अरुंद राहिली’ असंही ऐकाल. मोजमापात तसा फरक आढळलेला नाही. नसबंदीनंतर बोका लठ्ठ होतो, हालचाल कमी करतो, आणि धोका वाढतो तो तिथून. वजनावर लक्ष ठेवा. बंड्या आता पावणेपाच किलो आहे.

पाणी

औषध कोणतंही असो, पाण्यावाचून पुढे सरकत नाही. लघवी पातळ झाली की दोन्ही जातींच्या खड्यांना जम बसवणं अवघड जातं. मांजराला खाण्यातलं धरून किलोमागे साधारण ५० मिली पाणी लागतं. चार किलोच्या मांजराला २०० मिली, म्हणजे आपला एक पेला. आता हिशेब करा. कोरड्या दाण्यांत पाणी दहा टक्क्यांच्या आसपास. ६० ग्रॅम दाणे खाल्ले तर पोटात गेलं चमचाभर पाणी. ओल्या खाण्यात ते ७५ ते ८० टक्के, म्हणजे ८५ ग्रॅमच्या एका पाऊचमधून ६५ मिलीच्या आसपास. कोरडं खाणारं मांजर वाटीतून पाणी पितं, पण ही तूट भरून काढण्याइतकं बहुतेक पीत नाही. म्हणून पाणी ताटलीतूनच पोटात घालायचं.

मी असं करते. पाऊच ताटलीत काढायचं, त्यात आधी एक चमचा कोमट पाणी, चार दिवसांनी दोन, मग तीन. एकदम ओतलं तर बंड्या हुंगून निघून जातो. आता तो सार भातावर घ्यावा तसं पातळ खातो. चिकन उकडलेलं पाणी चालतं, पण त्यात मीठ, कांदा, लसूण काही नको. कांदा-लसूण मांजराच्या रक्तपेशी मोडतात. आपल्या रश्श्यातला तुकडा धुऊन दिला तरी तो कांदा-लसणाचाच असतो. सुकट, जवळा, सुके बोंबील यांत मीठ आणि खनिजं भरपूर, ते आमच्या घरात बंद. रोज नुसता चिकन-भात घालत असाल तर त्यात कॅल्शियम, टॉरिन अशा गोष्टी कमी पडतात. घरचंच द्यायचं असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून बांधून घ्या.

पाण्याची भांडी तीन ठेवा, जेवणाच्या आणि ट्रेच्या जागेपासून लांब. रुंद तोंडाची बरी, मिशा कडेला लागत नाहीत. बंड्याला माठाखाली ठेवलेलं काचेचं भांडं आवडतं, स्टीलच्याकडे तो बघत नाही. ठमीचं बरोबर उलट. तुमच्याकडे आठवडाभर भांडी बदलून बघा, कळेल. थंडीत मांजरं कमी पितात, तेव्हा खाण्यात पाणी वाढवा.

ट्रे मांजरांपेक्षा एक जास्त ठेवा आणि दिवसातून दोनदा साफ करा. घाण ट्रे दिसला की मांजर लघवी धरून ठेवतं. घाबरलं की मूत्राशयाची सूजही उचल खाते. दिवाळीचे फटाके, घराला रंग, मुक्कामाचे पाहुणे, नवीन मांजर. आमच्याकडे दिवाळीत आतल्या खोलीचं दार लावून, टोपली कपाटाखाली सरकवून दोघांची वेगळी सोय करतो, ट्रेही तिथेच.

मापाची वही

गिऱ्हाइकांची मापं लिहायची माझी वही आहे, तिचं शेवटचं पान बंड्याचं. सकाळ-संध्याकाळ ट्रे साफ करताना मातीचे किती गोळे निघाले आणि केवढे, एवढंच लिहायचं. सुपारी, लिंबू, मोसंबी अशी माझी मापं. दोन-तीन लिंबं म्हणजे दिवस चांगला. सुपारीएवढे सहा-सात गोळे म्हणजे थोडी थोडी वारंवार होतेय, त्याच दिवशी फोन. एकही नाही म्हणजे पिशवी उचलायची. गोळा धरणारी माती त्यासाठीच आणते, साध्या रेतीत हा हिशेब लागत नाही. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी पाच सुपाऱ्या निघाल्या. दुपारपर्यंत सोनोग्राफी झाली. खडा नव्हता, नुसती सूज होती. तुंबायच्या आत सापडला.

पिशवी दाराच्या खिळ्याला असते. जुना टॉवेल, आधीचे रिपोर्ट, एक्स-रेचा मोबाइलवर काढलेला फोटो छापून, चालू औषधांची चिठ्ठी, दोन दवाखान्यांचे नंबर. आम्ही गावाला जातो तेव्हा किल्ली समोरच्या काकूंकडे असते. ताटलीत पाणी किती घालायचं ते मी चमचा दाखवून सांगते, आणि वही त्यांच्या हातात देते. त्या रात्री फोन करतात तेव्हा ‘जेवला का’ हे मी नंतर विचारते. आधी गोळे.